गच्चीची कड गळते आहे: कठडा, छज्जे, पन्हळ याबद्दल सल्ला हवा

कोथरूडकरीण · १२ मार्च

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कोथरूडात, १९९० च्या दशकात बांधलेली. खाली पार्किंग, वर तीन मजले. सध्या सेक्रेटरीपद माझ्याकडे आहे आणि वरच्या मजल्यावरची चारही घरं ओलीने त्रासली आहेत.

गच्चीवर आम्ही दोन उन्हाळ्यांपूर्वी पांढरं कोटिंग करून घेतलं. हॉलच्या मधोमध टपकायचं ते तेव्हापासून थांबलं. पण छत आणि बाहेरची भिंत जिथे मिळतात तिथली ओल जशीच्या तशी आहे. पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये तळहाताएवढे पोपडे सुटतात, खाली पांढरी भुकटी पडते. बाहेरून बघितलं तर खिडक्यांवरच्या छज्ज्यांचं खालचं प्लॅस्टर पडलंय, दोन ठिकाणी गंजलेली सळई उघडी आहे. कठड्याखाली, स्लॅबच्या पातळीला, जवळजवळ इमारतीभर एक आडवी भेग गेली आहे आणि तिच्यातून काळे ओघळ उतरलेत.

दोन कोटेशनं आली आहेत. एक म्हणतात, संपूर्ण गच्चीला पुन्हा केमिकल मारा. दुसरे म्हणतात, जुना कोबा फोडून नवीन ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर) करा. दर दोघांनीही चौरस फुटाचाच दिलाय. छज्ज्यांचा उल्लेख ‘बाहेरील किरकोळ दुरुस्ती’ असा एका ओळीत. सभासदांचा पैसा आहे आणि पुन्हा तेच होऊ नये असं मनापासून वाटतं. मृगाआधी काम उरकायचं तर आत्ताच ठरवायला हवं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

सिंहगड_रोड · १२ मार्च

आमच्याकडे हाच प्रकार होता. शेवटी गच्चीवर पत्रा टाकला, कटकट मिटली. कोबा फोडायच्या भानगडीत पडू नका, एवढा राडारोडा तीन मजले खाली उतरवताना नाकी नऊ येतात.

ओळंबा · १२ मार्च

कोथरूडकरीण ताई, तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की निम्मं निदान त्यातच आहे. मी स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मधोमध गळणं थांबलं आणि कडेला चालू राहिलं, म्हणजे कोटिंगने मधलं काम केलंय. पाणी कडेने येतंय, आणि कडेला त्याला आत शिरायला चार दारं असतात. पहिलं, गच्चीचा कोबा आणि कठडा यांचा सांधा. तिथे जी गोलाई करतात, म्हणजे वाटा, ती कठड्यापासून सुटते. दुसरं, कठड्याचा माथा. वरचं प्लॅस्टर तडकलं की विटा पाणी पितात आणि ते पाणी कठड्याच्या पोटातून, तुमच्या कोटिंगच्या मागून, खाली स्लॅबवर येतं. तिसरं, ती बाहेरची आडवी भेग. चौथं, छज्जा जिथे भिंतीत शिरतो तो कोपरा.

आडवी भेग बहुतेक जुन्या इमारतींना असते आणि ‘प्लॅस्टर खराब होतं’ एवढ्यावर लोक सोडून देतात. तिचं कारण ऊन आहे. स्लॅब काँक्रीटचा, त्यावरचा कठडा विटांचा. काँक्रीट तापलं की विटांपेक्षा जास्त लांबतं, साधारण दुप्पट. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर तीन मिलिमीटरच्या आसपास लांबतो. विटांचा कठडा त्याच्याबरोबर तेवढा सरकत नाही, म्हणून दोघांच्या सांध्यावर प्लॅस्टर फाटतं. एप्रिलच्या दुपारी आणि त्याच पहाटे गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा, फरक पायालाच कळेल. हे रोज घडतं. त्यामुळे ती भेग नुसत्या सिमेंटच्या घोळाने बुजवली की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. भेग मोकळी करून तिच्यात ताणलं जाणारं सीलंट भरायचं, त्यावर जाळी घेऊन प्लॅस्टर करायचं, किंवा स्लॅबच्या पातळीला प्लॅस्टरमध्ये मुद्दाम सरळ खाच ठेवून हालचाल तिथेच होऊ द्यायची.

पश्चिमेची खोली जास्त ओली, हेही बरोबर जुळतं. आपल्याकडचा पाऊस पश्चिम-नैऋत्येच्या वाऱ्यावर येतो. पुण्याची वर्षाची सरासरी ७००-७५० मिलिमीटर, लोणावळ्याची चार हजारांच्या वर. तेव्हा आपल्याकडे पाऊस फार पडतो म्हणून घरं गळतात असं म्हणता येत नाही. इथला पाऊस दिवस दिवस भुरभुरतो आणि भिंतीला वाळायला सवड देत नाही. कडेच्या ओलीचं मूळ बऱ्याचदा या रिमझिमीत असतं.

आता छज्ज्यांकडे या, कारण मला सगळ्यात काळजी त्यांची वाटते. छज्ज्याच्या टोकाला आलेलं पाणी सरळ खाली पडतं असं आपण धरून चालतो. ते खालच्या अंगाला चिकटून उलटं भिंतीकडे सरकतं. पाऊस चालू असताना छज्ज्याखाली उभं राहून वर बघा. थेंब कडेवर लोंबताना दिसतो, मग पडण्याऐवजी आत ओघळतो, पाठोपाठ दुसरा. हे थांबवायला छज्ज्याच्या खालच्या बाजूला, टोकापासून इंचभर आत, साधारण एक सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल खाच लागते. पागोळीची खाच म्हणा, ड्रिप मोल्ड म्हणा. थेंब खाचेपर्यंत येतो, पुढे चढता येत नाही, म्हणून सुटून पडतो. तुमच्या छज्ज्यांना ती खाच आहे का? असेल तर रंगाच्या थरांनी बुजली आहे का? हे आधी पाहा.

खाच नसेल तर कोणालाही ग्राइंडर लावून काँक्रीटमध्ये खाच मारू देऊ नका. सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम २० मिलिमीटर धरलेलं असतं, जुन्या कामात त्याहून कमी सापडतं. खाच नव्या प्लॅस्टरमध्ये घडवायची, नाहीतर ड्रिपची तयार पट्टी सीलंटवर बसवायची. आणि ती दोन्ही टोकांना भिंतीपासून दोन-तीन इंच अलीकडे थांबवायची, म्हणजे खाचेतलं पाणी भिंतीवर जात नाही.

सळई दिसते आहे, त्याबद्दल उद्या वेगळं लिहितो. तोवर त्या दोन छज्ज्यांवर कोणालाही चढू देऊ नका. कुंड्या किंवा एसीचं बाहेरचं युनिट असेल तर उतरवा.

थापी · १२ मार्च

ओळंबा सरांनी मुद्द्याचं लिहिलंय. मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो, त्यामुळे कामाच्या बाजूने सांगतो.

ताई, कोटेशन परत मागवा आणि कडेचा दर रनिंग फुटात, म्हणजे लांबीवर, वेगळा मागा. चाळीस बाय पन्नासची गच्ची म्हणजे दोन हजार चौरस फूट, पण तिची कड १८० फूट. दर चौरस फुटाचा असला की माणसं मधलं मैदान झपाझप मारून मोकळी होतात आणि कठड्याला चार-सहा इंच ब्रश फिरवतात, कारण कडेच्या मेहनतीचा पैसा दरात धरलेलाच नसतो. कडेची ओळ वेगळी लिहिली की तिचं मोजमाप होतं, आणि मोजमाप झालं की काम होतं.

कडेचं काम म्हणजे काय हेही करारात लिहून घ्या. जुना वाटा ठोकून बघायचा, पोकळ वाजला की काढायचा. कोबा-कठड्याचा सांधा व्ही आकारात खोदून तारेच्या ब्रशने साफ करायचा, धूळ ब्लोअरने उडवायची. एसबीआर (सिमेंटची पकड वाढवणारं रबरी द्रव) मिसळलेल्या सिमेंटचा हात मारून तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर भरायचं आणि त्याचाच तीन इंची वाटा ओढायचा. वाटा पक्का झाला की कोटिंगचा पहिला हात, तो ओला असताना फायबरची जाळी दाबून बसवायची, दुसरा हात आडव्या दिशेने. कोटिंग कठड्यावर निदान एक फूट चढलं पाहिजे आणि त्याची वरची कड प्लॅस्टरमध्ये आडवी खाच मारून तिच्यात दाबली पाहिजे. नुसती उघडी सोडली की वरून येणारं पाणी तिच्या मागे शिरतं आणि चांगल्या कोटिंगचाही वर्षात पापड होतो.

कठड्याच्या माथ्यावर कडाप्पा (काळी फरशी) बसवणार असाल तर उतार गच्चीच्या बाजूला द्या, बाहेर देऊ नका, म्हणजे भिंतीवर काळे ओघळ येणार नाहीत. दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच बाहेर काढा आणि बसवायच्या आधीच प्रत्येक तुकड्याच्या खालच्या अंगाला कटरने पागोळीची खाच मारून घ्या. तेवढं पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. तुकड्यांमधले सांधे सीलंटने भरा, पांढऱ्या सिमेंटने नको.

वाचनमात्र · १३ मार्च

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

वाड्यातला · १३ मार्च

आमचं घर नारायण पेठेत, कौलारू. स्लॅबवाल्यांच्या चर्चेत शिरतोय, पण दुखणं कडेचंच आहे म्हणून लिहितो.

कौलारू छपरात पाणी आढ्यावरून निघतं आणि सगळंच्या सगळं वळचणीला येतं. म्हणजे छपराचा सगळ्यात जास्त भिजणारा भाग म्हणजे शेवटची दोन कौलं, त्याखालची रीप (कौलं टेकतात ती लाकडी पट्टी) आणि वाशांची टोकं. आमच्याकडे वासे सागवानी आहेत. मधला वासा आजही ठणठणीत, पण टोकाला कुजलेले निघाले. लाकूड बाजूने जेवढं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट कापलेल्या टोकातून पितं, आणि आपण रंग मारतो तो दिसणाऱ्या बाजूंना, टोक कोरडंच राहतं. आता दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात शिडी लावून प्रत्येक वाशाच्या टोकाला कोमट जवसाचं तेल चोपडतो. लाकूड ते पिऊन टाकतं, मग पुन्हा चोपडायचं, पिईनासं होईपर्यंत. नंतर ऑइलपेंट.

दुसरी गोष्ट पन्हळीची. शेवटचं कौल पन्हळीच्या तोंडावर दीड-दोन इंच आलं पाहिजे. कमी आलं तर रिमझिमीत पाणी कौलाच्या खालून रिपेवर उलटं जातं. जास्त आलं तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून समोरच्याच्या भिंतीवर पडतं, आणि पेठेतल्या बोळात समोरचा म्हणजे चार हातांवर. शेजाऱ्यांशी वाकडं येण्याचं हे कारण मी लहानपणापासून बघत आलोय. शेवटच्या रांगेखाली पत्र्याची एक पट्टी सरकवून तिची कड पन्हळीत वाकवून सोडली की कौल फुटलं तरी रीप वाचते. आम्ही ती बोहरी आळीतून गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणून पत्र्याच्या कारागिराकडून वाकवून घेतली.

पन्हळीला उतार लागतो, पण फार नको. दहा फुटांना अर्धा-पाऊण इंच पुरतो. जास्त दिला तर वरचं टोक कौलाला चिकटतं आणि खालचं इतकं उतरतं की पाणी तिथे उडून बाहेर जातं. हुक दोन फुटांवर ठेवा. तीन-चार फुटांवर ठेवलेले हुक पहिल्या वर्षी चालतात, पुढे पन्हळ मध्ये झोळ खाते, तिथे पाणी साचतं, पालापाचोळा कुजतो आणि पत्र्याला तिथेच भोक पडतं.

वाड्यांचं काय होणार हे कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे खर्च करायला कोणी पुढे येत नाही. मालक म्हणतो पाडायचाच आहे, भाडेकरू म्हणतो माझा नाही. पण वळचण एकदा गेली की भिंतीचा माथा भिजतो, आणि मातीच्या भिंतीचा माथा भिजला की पाडायची वाट बघावी लागत नाही. ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी निदान पन्हळ आणि शेवटची रांग एवढं तरी दरवर्षी बघावं.

दूरदेशी · १३ मार्च

आईबाबा औंधला एकटे असतात, मी लांब. त्यांच्या कठड्यात पिंपळाचं रोप आलंय. बाबा दरवर्षी उपटतात, ते पुन्हा येतं. काय करावं?

थापी · १३ मार्च

उपटू नका, मूळ आत तुटून राहतं आणि दुप्पट जोराने फुटतं. सांधा मोकळा करून मूळ जिथपर्यंत हाताला लागेल तिथपर्यंत कापायचं, कापलेल्या तोंडाला लगेच तणनाशक ब्रशने लावायचं, मूळ मेलेलं दिसल्यावरच सांधा भरायचा. बाबांना हे करायला लावू नका, माणूस बोलवा. कठड्याबाहेर वाकून करायचं काम आहे.

आंबिलकाठ · १३ मार्च

कडेच्या चर्चेत पाइपांचा विषय राहून गेलाय. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आमच्या भागात कोणी विसरणार नाही, आंबिल ओढ्याला पूर आला ती. खाली ओढ्याचं पाणी आणि वर आमच्या गच्चीत तळं, कारण पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी कबुतराचं घरटं आणि चिंचेचा पाला. पाणी वाट्याच्याही वर चढलं आणि जिन्याच्या खोलीच्या उंबऱ्यावरून आत आलं. वरच्या घरांत त्या रात्री जिथे पाणी झिरपलं, तिथे आधी कधी डागही नव्हता.

ओळंबा · १४ मार्च

आंबिलकाठ, फार महत्त्वाचा मुद्दा. वाट्याचं आणि कोटिंगचं काम उतरत्या पाण्यासाठी केलेलं असतं. पाणी कडेला साचून राहिलं की हिशोबच बदलतो.

ताशी १०० मिलिमीटरचा पाऊस धरला तर १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा पाइप साधारण ४० चौरस मीटर गच्ची सांभाळतो, ७५ चा पाइप त्याच्या निम्मी. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीला १०० चे पाच पाइप हवेत. आपल्याकडे जुन्या इमारतींना दोन-तीन असतात, तेही ७५ चे. पाइप वाढवणं जमत नसेल तर निदान कठड्यातून आपत्कालीन तोंडं काढा. तयार गच्चीच्या पातळीपासून दोनेक इंच वर, उतार बाहेर, आणि पाइपाचा तुकडा भिंतीबाहेर किमान सहा इंच काढलेला, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता सुटून पडेल. त्या तोंडातून पाणी पडताना दिसलं की खाली उभ्या असलेल्या माणसालाही कळतं की वर मुख्य पाइप तुंबलाय.

पाइपाच्या तोंडाभोवतीचा खुरा (पाणी गोळा होण्याची जागा) कोब्यापेक्षा खोलगट हवा, आणि जाळी सपाट नको, घुमटाकार हवी. सपाट जाळीवर चार पानं पडली की झाकण बसल्यासारखं होतं.

आता छज्ज्याचं, परवा राहिलेलं. छज्जा भिंतीतून बाहेर लोंबकळतो, त्यामुळे त्याला पेलणारी मुख्य सळई वरच्या अंगाला असते. खालून प्लॅस्टर पडून जाळी दिसत असेल तर दोन शक्यता. एक, खाली वेगळी जाळी घातलेली होती आणि तीच गंजली. दुसरी, वरची सळई काँक्रीट ओतताना पायाखाली दबून खाली बसली. दुसरं असेल तर तो छज्जा कागदावर जेवढा मजबूत आहे तेवढा प्रत्यक्षात नाही, आणि मलमपट्टी करून तो मजबूत होणार नाही. हे ठरवायला स्ट्रक्चरल इंजिनीअरच लागतो. शिवाय गंज लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, म्हणून तो काँक्रीट आतून फोडत जातो. ओल थांबवल्याशिवाय वरून कितीही मॉर्टर लावलं तरी ते पडणार. खाली मुलं खेळतात, गाड्या लागतात. ताई, बाकी सगळं एखादं वर्ष थांबू शकतं, छज्जे थांबू शकत नाहीत.

उपविधी · १४ मार्च

खर्च कोणाचा यावरून सभेत वाद होणार, म्हणून आधीच लिहितो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, गच्चीवरचा कठडा, छताची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती हा संस्थेचा खर्च आहे. ‘वरच्या मजल्यावाल्यांचा प्रश्न, त्यांनीच बघावं’ हे चालत नाही. त्याच उपविधींत स्ट्रक्चरल ऑडिटची तरतूद आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा. तुमचं ऑडिट झालेलं नसेल तर छज्ज्यांच्या निमित्ताने आत्ताच करून घ्या. अहवाल हातात असला की सभेत खर्चाला मंजुरी मिळवणं सोपं जातं.

नव्या इमारतीतल्या लोकांसाठी: रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. कडेची ओल पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच दिसते. तारखेसकट फोटो काढा आणि लेखी कळवा. तोंडी सांगण्यात वर्षं निघून जातात.

सिंहगड_रोड · १४ मार्च

पत्र्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. खरंच चुकीचा उपाय आहे का?

ओळंबा · १४ मार्च

चुकीचा म्हणणार नाही. स्लॅबला सावली मिळते, त्यामुळे ते रोजचं लांबणं-आखडणं कमी होतं, हा मोठा फायदा आहे. पण महापालिकेच्या परवानगीचं आधी बघा. आणि पत्रा कठड्याच्या आतच संपत असेल तर त्याचं सगळं पाणी कठड्यावर किंवा खालच्या छज्ज्यावर एका रेषेत आदळतं. आधी सगळ्या गच्चीवर पसरणारा पाऊस आता कडेवर गोळा होतो. पत्रा कठड्याबाहेर दीड फूट काढा, पन्हळ लावा, पन्हळीचं पाणी पाइपाने खाली न्या. खांबाच्या प्लेटा कठड्याच्या माथ्यावर बोल्ट मारून बसवतात, ते टाळा. प्रत्येक बोल्ट म्हणजे विटांत पाणी जायला एक नवं भोक. खालच्या कॉलमच्या रेषेत आधार घ्या. पत्र्याने छज्जे वाचत नाहीत, त्यांचं काम वेगळं करावंच लागतं.

कोथरूडकरीण · १५ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी गच्चीवर चढून वाट्यावर नाण्याने ठोकत गेले. पश्चिमेची जवळजवळ पूर्ण बाजू पोकळ वाजते. एका ठिकाणी वाटा आणि कठडा यांच्या मध्ये पोस्टकार्ड सरकवलं तर अर्धं आत गेलं. छज्ज्यांना खाच होती, पण रंगाने बुजलेली, दोन छज्ज्यांना ती नाहीच.

तरी कमिटीतले एक काका म्हणतात, कोबाच गेलाय, मधूनच पाणी येतं. त्यांना पटेल अशी एखादी चाचणी आहे का?

ओळंबा · १५ मार्च

आहे. कठड्यापासून दीड फूट आत, चारही बाजूंनी चिकणमातीचा बांध घाला आणि आतल्या भागात दोन इंच पाणी ४८ तास ठेवा. दोन इंच पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला ५० किलो, चांगल्या स्लॅबला ते जड नाही. पण कुठे स्लॅबच्याच खालून सळई दिसत असेल तर इंजिनीअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नका. खाली घरांत काहीच दिसलं नाही तर मधला भाग निर्दोष. मग बांध काढा, गच्ची वाळू द्या आणि कडेला नळी लावा, खालून वर या क्रमाने: आधी बाहेरची आडवी भेग, मग कठड्याची बाहेरची बाजू, मग माथा, शेवटी आतला सांधा. प्रत्येक ठिकाणी तासभर, आणि पुढे जायच्या आधी खाली बघून यायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

एक लक्षात ठेवा, कोटिंग शाबूत असेल तरच बांधाच्या चाचणीवर विसंबता येतं. तडे असतील तर पाणी कोब्याच्या पोटातून बांधाखालून कडेला पसरतं आणि काकांना उगाच बळ मिळतं. आधी तडे बुजवून घ्या.

कोथरूडकरीण · २३ मार्च

चाचणी झाली. मधल्या भागातून एक थेंब नाही. बाहेरच्या भेगेवर नळी लावली तेव्हा पश्चिमेच्या बेडरूममध्ये डाग गडद झाला, आणि आतल्या सांध्यावर लावली तेव्हा दोन घरांत छताच्या कोपऱ्यातून पाणी आलं. काका स्वतः खालच्या घरात बॅटरी घेऊन उभे होते, तेच आता सभेत सांगणार आहेत. स्ट्रक्चरल इंजिनीअर येऊन गेले. एक छज्जा पूर्ण उतरवून नव्याने करायला सांगितलाय, बाकीचे दुरुस्त होतील. कोबा फोडायचा नाही असं ठरलं.

आता क्रम सांगा. परांची एकदाच बांधायची आहे.

ओळंबा · २३ मार्च

परांची बांधली की आधी छज्जे. हातोडीने ठोकून सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायची, तिला गंजरोधक प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर थराथराने. सळई जाडीला कमी भरली तर इंजिनीअर जोडसळई सांगतील. छज्ज्याच्या वरच्या बाजूला बाहेर उतार आणि भिंतीशी छोटा वाटा, खाली पागोळीची खाच. त्यानंतर बाहेरची आडवी भेग, मग कठड्याचं बाहेरचं प्लॅस्टर आणि माथ्याचा कडाप्पा. आतला वाटा आणि कोटिंग त्यानंतर, कारण माथ्याचं काम करताना मलबा आत पडतो आणि नवं कोटिंग फाटतं. रंग सगळ्यात शेवटी, आणि रंगाऱ्याला खाच दाखवून सांगा की ती ब्रशने भरायची नाही.

मॉर्टरचं काम सकाळी लवकर किंवा चारनंतर घ्या. भर दुपारी केलेलं मॉर्टर हातातच सुकतं आणि त्याला केसासारखे तडे जातात. पॉलिमर मॉर्टरला किती दिवस पाणी मारायचं ते डब्यावर दिलेलं असतं, तेवढंच मारा. साध्या प्लॅस्टरवर आठवडाभर ओलं गोणपाट. सांधे भरायच्या आत वळीव आला तर सांधा पूर्ण वाळल्याशिवाय सीलंट भरू देऊ नका, ओल्याला ते धरत नाही.

थापी · २३ मार्च

एक भर. सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या आणि भरायच्या आधी भेगेत फोमची दोरी दाबायला सांगा. दोरी नसली तर सीलंट तीन बाजूंना चिकटतं आणि ताणलं की फाटतं. दोरी असली की दोनच बाजूंना धरतं. कोटेशनमध्ये ‘सीलंट व दोरीसह, रनिंग फूट’ असं लिहून घ्या.

कोथरूडकरीण · २४ मार्च

लिहून घेतलं. तीन ठेकेदारांना याच क्रमाने, कड रनिंग फुटात आणि छज्जे नगावर, असं पत्रक पाठवलं आहे. दर आले की इथे टाकते. पश्चिमेच्या कठड्यातून दोन जादा तोंडं काढायची आहेत, त्यासाठी ७५ चा पाइप पुरेल का?

ओळंबा · २४ मार्च

पुरेल, पण शक्य असेल तर १०० चाच घ्या. ७५ च्या तोंडात चेंडू, नारळाची शेंडी, प्लॅस्टिकची पिशवी काहीही अडकतं. तोंड गच्चीच्या बाजूला भिंतीशी सपाट कापा आणि पाइपाभोवतीची फट वाट्याच्या आधी भरून घ्या.